बोटांचा दुभाषी

जुन्नर तालुक्यातले नारायणगाव बाहेरच्या माणसाला साधारणपणे दोन कारणांनी ठाऊक असते. पहिले कारण तमाशाचे. चैत्राच्या सुमारास इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा समित्यांची माणसे येतात आणि यंदा आपल्या यात्रेला कोणता फड न्यायचा ते ठरवून सुपारी देऊन जातात. विठाबाई भाऊ मांग यांच्या नावापुढे ‘नारायणगावकर’ लागले आणि ते महाराष्ट्रभर झाले. दुसरे कारण पूर्वेला असलेल्या खोडदचे. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी जवळजवळ, उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या. टोकापासून टोकापर्यंतचे अंतर सुमारे २५ किलोमीटर. डॉ. गोविंद स्वरूप यांनी ती कल्पिली आणि उभी केली.

या लेखाचा विषय या दोन्हींच्या मानाने किरकोळ वाटेल. नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमचे यंत्र, ज्याला आर्केड यंत्र म्हणतात, ते घरी बांधायचे झाले तर त्याची जॉयस्टिक आणि बटणे कशी बसवावीत, ती आतल्या संगणकाशी कशी जोडावीत, एवढाच हा प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर शोधताना ढोलकी आणि दुर्बीण या दोघींचीही गाठ पडते.

आज असे यंत्र बांधणे फार अवघड राहिलेले नाही. २०१२ साली बाजारात आलेला रास्पबेरी पाय हा हाताच्या पंजावर मावणारा संगणक किंवा घरात पडून असलेला जुना संगणक, एक जुना मॉनिटर, प्लायवूडची पेटी, एवढ्यावर काम भागते. १९९७ साली सुरू झालेला ‘मेम’ हा प्रकल्प जुन्या आर्केड यंत्रांचे अंतरंग संगणकात जसेच्या तसे उभे करतो. (खेळांचे हक्क मात्र ज्या त्या कंपन्यांकडेच असतात; मोफत वाटायला मोकळे केलेले खेळही पुष्कळ आहेत, सुरुवात त्यांच्यापासून करावी.) पडदा मिळतो, संगणक मिळतो, खेळ मिळतो. तयार मिळत नाही ती एकच गोष्ट : आपल्या हाताला बेतलेली पाटी. हाताची भाषा हालचालीची आणि संगणकाची भाषा शून्य-एकाची. दोघांमध्ये बसणाऱ्या या पाटीला आणि तिच्या मागच्या इलेक्ट्रॉनिक्सला मी दुभाषी म्हणतो. हा दुभाषी कोणाच्या हातासाठी बांधला आहे यावर कोण खेळणार आणि कोण बाजूला उभे राहून पाहणार, हे ठरून जाते. म्हणून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

कोपर दुखले म्हणून

संगणकावरच्या खेळासाठी हाताने बांधलेल्या पाटीचा इतिहास खेळाइतकाच जुना आहे. १९६२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकासाठी ‘स्पेसवॉर’ हा खेळ लिहिला. दोन अंतराळयाने, एक तारा आणि एकमेकांवर मारा. खेळायचे कसे, तर संगणकाच्या दर्शनी फळीवर चाचणीसाठी असलेले खटके वर-खाली करून. त्या खटक्यांची जागा खेळासाठी ठरवलेली नव्हती. एका खेळाडूला पडदा नीट दिसे, दुसऱ्याला तिरका. थोड्याच वेळात कोपर दुखू लागत. तेव्हा अ‍ॅलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी तिथल्या खेळण्यातल्या आगगाड्यांच्या क्लबात पडलेले लाकूड, तारा आणि खटके गोळा करून दोन स्वतंत्र पेट्या बनवल्या. पेटी मांडीवर घेऊन बसता येऊ लागले आणि दोघांनाही पडदा सारखाच दिसू लागला.

खेळ तोच राहिला, पडदा तोच राहिला. खेळाडूंचा अंगाशी असलेला करार तेवढा बदलला आणि खेळ खऱ्या अर्थाने दोघांचा झाला.

पुढच्या काळात पाटीनेच खेळाची जात ठरवली. १९७९ च्या ‘अ‍ॅस्टेरॉइड्स’ला दांडा नव्हताच, नुसती पाच बटणे होती. १९८० च्या ‘पॅक-मॅन’ला उलट नुसता दांडा होता, खेळताना दाबायला एकही बटण नाही. त्यामुळे ज्याने आयुष्यात यंत्र पाहिले नाही, तोही पुढे होऊन दांडा धरू शके. १९८७ च्या ‘स्ट्रीट फायटर’मध्ये कॅपकॉम कंपनीने दोन मोठ्या गाद्या बसवलेली पाटी आणली होती. गादीवर जितक्या जोराने मारावे तितका पडद्यावरचा ठोसा जोरकस. ही कल्पना टिकली नाही. त्या जागी सहा बटणे आली आणि १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने तीच मांडणी जगभर रूढ केली. आज घरी पाटी बांधणारा बहुतेकदा हीच सहा बटणे डोळे मिटून उतरवून घेतो. पण ती एका विशिष्ट खेळासाठी, उभ्याने खेळणाऱ्या, दोन्ही हात धडधाकट असलेल्या माणसासाठी आखलेली आहेत, हे ध्यानात ठेवायला हवे.

दाब ऐकू कसा जातो

आर्केडचे बटण आतून अगदी साधे असते. प्लास्टिकची टोपी, एक स्प्रिंग आणि खाली एक मायक्रोस्विच. मायक्रोस्विचमध्ये ताणलेली धातूची पातळ पट्टी असते. ठरावीक जागेपर्यंत दाबले की ती ‘टक’ आवाज करून एका बाजूची दुसऱ्या बाजूला उडी मारते. बोट हळू दाबो वा जोरात, पट्टीची उडी तीच. चांगल्या प्रतीचा स्विच कोटीभर दाब सहज सोसतो.

हा स्विच दोन तारांनी जोडायचा. एक तार सर्व बटणांना मिळून सामाईक, तिला ग्राउंड म्हणतात. दुसरी प्रत्येक बटणाची वेगळी, ती मायक्रोकंट्रोलरच्या एकेका पायाला जाते. मायक्रोकंट्रोलर म्हणजे एका चिपमध्ये मावलेला छोटा संगणक. या कामाला एटीमेगा ३२यू४ ही चिप असलेला ‘प्रो मायक्रो’ किंवा ‘आर्डुइनो लिओनार्दो’ हा बोर्ड सोयीचा, कारण तो यूएसबीच्या तारेने संगणकाला लावला की ‘मी कीबोर्ड आहे’ किंवा ‘मी गेमपॅड आहे’ असे स्वतःच सांगू शकतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे बोर्ड मिळतात.

बटण दाबलेले नसताना चिपचा पाय मोकळा सोडून चालत नाही. मोकळा पाय हवेतल्या कुठल्याही विजेच्या चाहुलीने कधी शून्य तर कधी एक असे सांगत राहतो. म्हणून तो एका रोधकामार्फत पाच व्होल्टला बांधून ठेवायचा. चिपच्या आतच २० ते ५० हजार ओहमचा असा रोधक असतो. विश्रांतीत पाय ‘एक’ म्हणतो. बटण दाबले की तो ग्राउंडला टेकतो आणि ‘शून्य’ म्हणतो. म्हणजे दाबणे हे शून्य आणि न दाबणे हे एक. नवशिक्याला हे उलटे वाटते, पण ते सवयीने अंगवळणी पडते.

थरथर आणि ठेका

इथपर्यंत सारे सरळ आहे. अडचण पुढे येते. मायक्रोस्विचची पट्टी उडी मारून समोरच्या टोकावर आदळते तेव्हा ती एकदम स्थिर होत नाही. पितळेचे भांडे फरशीवर पडले की जसे काही वेळ नाचते, तशी ती नाचते. हे नाचणे साधारण एक ते पाच मिलीसेकंद चालते. माणसाला ते कळत नाही, पण सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोके मोजणाऱ्या चिपला ते स्पष्ट कळते. आपण एकदा दाबलेले बटण तिला सात-आठ वेळा दाबल्यासारखे दिसते. एक गोळी सोडायची तर तीन सुटतात.

यावरचा पुस्तकी उपाय असा, की बदल दिसल्यावर थांबावे, पाच मिलीसेकंद स्थिरता दिसली की मगच दाब मान्य करावा. लिफ्टच्या बटणाला हा उपाय उत्तम. खेळाला मात्र तो महाग पडतो, कारण प्रत्येक दाबाला पाच मिलीसेकंदांची दिरंगाई चिकटते.

दिरंगाई का बोचते, हे समजायला तमाशाच्या बोर्डावर पाहावे. ढोलकीवाला आणि नाचणारी यांच्यातला संवाद थापेच्या नेमक्या क्षणावर चालतो. ती पाय टाकते, तो थाप देतो. तो तोडा घेतो, ती घुंगरांनी उत्तर देते. आता आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. ढोलकीपासून ३४ मीटर लांब बसलेल्या प्रेक्षकाला थाप सेकंदाच्या एक दशांश भागाने उशिरा ऐकू येते. त्याचे काही बिघडत नाही, तो फेटा उडवतोच. पण तेवढाच उशीर नाचणारी आणि ढोलकीवाला यांच्यात झाला, तर सवाल-जबाब पहिल्या आवर्तनातच कोसळेल. उशीर पाहणाऱ्याला छळत नाही, करणाऱ्याला छळतो. आर्केड यंत्रापाशी मागे उभ्या असलेल्या मुलाला खेळ झकास चाललेला दिसतो आणि दांडा हातात असलेला मात्र ‘हे मशीन जड चालतंय’ म्हणतो, त्याचे कारण हेच.

खेळाचे चित्र सेकंदाला साधारण साठ वेळा बदलते, म्हणजे एका चित्राला सुमारे १६.७ मिलीसेकंद मिळतात. पडदा स्वतःचा उशीर त्यात घालतो, त्यावर आपला इलाज थोडा. यूएसबीचीही एक रीत आहे : तिथे उपकरण आपणहून बोलत नाही, संगणकाने विचारले की उत्तर देते. संथ गतीच्या जुन्या उपकरणाला संगणक आठ-दहा मिलीसेकंदांनी एकदा विचारतो. वर सांगितलेल्या चिपला दर मिलीसेकंदाला विचारायला लावता येते. तो पर्याय निवडावा. थरथरीचा उपाय मात्र उलटा करावा : पहिला स्पर्श होताच दाब ताबडतोब मान्य करावा आणि मग पुढचे पाच मिलीसेकंद कान बंद ठेवावेत. नाचायचे ते या अवधीत नाचून होते. उपाय तोच, घटकाही त्याच. फक्त थांबणे उत्तराआधी न ठेवता उत्तरानंतर ठेवले. दाबाला दिरंगाई जवळपास उरत नाही.

या युक्तीची एक अट आहे. पहिली चाहूल खरीच बोटाची असली पाहिजे. तारेतून आलेल्या खोट्या चाहुलीलाही ही पद्धत लगेच भुलते. त्याकडे पुढे येऊच.

चौथ्या कोपऱ्यावरचे भूत

दोघांसाठी यंत्र बांधायचे तर हिशेब असा : प्रत्येक दांड्याचे चार स्विच, म्हणजे आठ, प्रत्येकी सहा बटणे, म्हणजे बारा, दोन ‘स्टार्ट’ आणि एक नाण्याचे. एकूण २३. प्रो मायक्रो बोर्डावर वापरता येणारे पाय सुमारे १८. पाय पुरत नाहीत.

कीबोर्ड बनवणाऱ्यांनी ही अडचण फार पूर्वी सोडवली. पाच आडव्या आणि पाच उभ्या तारांची जाळी करायची आणि प्रत्येक छेदावर एक बटण बसवायचे. दहा तारांत पंचवीस बटणे होतात. चिप एकेका आडव्या तारेवर क्रमाने हाक देते आणि उभ्या तारांवर ओ येते का ते पाहते.

ही जाळी गावातल्या गल्ल्यांसारखी समजा. दोन आडव्या आणि दोन उभ्या गल्ल्यांनी चौकोन होतो. त्याच्या तीन कोपऱ्यांवरची बटणे एकाच वेळी दाबली, तर वीज त्या तीन कोपऱ्यांवरून वळसा घालून चौथ्या कोपऱ्यापाशी पोहोचते आणि तिथले बटण न दाबताही दाबल्यासारखे दिसते. याला भूत म्हणायचीच पद्धत आहे. पत्र टंकताना तीन अक्षरे सहसा एकदम दाबली जात नाहीत, म्हणून साध्या कीबोर्डात ते फारसे छळत नाही. दोन मुले एका पाटीवर तुटून पडली की मात्र आठ-दहा स्विच एकाच क्षणी दाबलेले असतात. जुना कीबोर्ड फोडून त्याच्या चकतीला तारा डाख देऊन जोडण्याची युक्ती पुष्कळजण करतात. ती एकट्याच्या खेळाला चालते आणि दुकटीत दगा देते, ती या भुतामुळे.

उपाय दोन. प्रत्येक बटणापाशी एक डायोड बसवायचा, म्हणजे गल्ली एकदिशा होते आणि वळसा बंद पडतो. किंवा जाळीच टाळून ७४एचसी१६५ या चिपा वापरायच्या. अशी प्रत्येक चिप आठ बटणांची स्थिती एका क्षणी टिपून घेते आणि मग ती ओळीने एकामागून एक वाचून दाखवते. तीन चिपांत चोवीस बटणे होतात, मायक्रोकंट्रोलरचे पाय लागतात फक्त तीन. प्रत्येक बटणाला स्वतःची तार असल्यामुळे भुताला जागाच उरत नाही. मला दुसरा मार्ग पसंत आहे, कारण बिघाड झाला तर एकच तार तपासावी लागते.

आणखी एक गळा यूएसबीत आहे. कीबोर्ड संगणकाला जो निरोप पाठवतो त्याचा मूळचा साचा आठ बाइटांचा : एका बाइटमध्ये कंट्रोल, शिफ्ट यांसारख्या आठ कळा, एक बाइट राखीव आणि उरलेल्या सहांमध्ये सहा साध्या कळा. सातवी साधी कळ दाबली तर ती सांगायला जागा नाही. दोन खेळाडूंनी दांडा तिरका धरला की चार स्विच तिथेच खर्ची पडतात. म्हणून पाटीने स्वतःला कीबोर्ड न म्हणवता दोन गेमपॅड म्हणवावे. गेमपॅडच्या निरोपात प्रत्येक बटणाला स्वतःचा एक बिट असतो. सगळी दाबली तरी सगळी पोहोचतात. दुभाष्याने दोघांचे बोलणे चालू असताना एकाचे वाक्य गाळायचे नसते, तो हा नियम.

दांड्याची गोष्ट

जॉयस्टिकचे दोन वंश आहेत. एक मापाचा : दांडा किती कलला ते रोधकाच्या बदलाने मोजणारा. दुसरा खटक्यांचा : दांड्याच्या बुडाभोवती चार मायक्रोस्विच, बस्स. आर्केडमधला बहुतेक दांडा दुसऱ्या वंशातला. खोडदची तबकडीही दोनच अक्षांवर फिरते, क्षितिजाला समांतर आणि वर-खाली. पण तिला आपण नेमक्या किती अंशांवर आहोत हे सतत सांगावे लागते. आर्केडला अंश नकोत. त्याला आठ दिशांपैकी कोणती, एवढेच हवे. चार सरळ दिशांना एकेक स्विच दाबतो, तिरक्या चारांना शेजारचे दोन.

जोडणी करताना एक गंमत लक्षात ठेवावी. दांडा मध्यावर टेकलेला असतो. त्यामुळे गोळा वर ढकलला की बूड खाली जाते. ‘वर’चा स्विच खालच्या बाजूला असतो आणि ‘डावी’चा उजवीकडे. तारांना आधीच चिठ्ठ्या लावल्या तर फेरजोडणी टळते.

दांड्याच्या बुडाला एक चौकट असते, ती त्याला कुठवर जाऊ द्यायचे ते ठरवते. चौकोनी चौकटीत तिरकी दिशा कोपऱ्यात पक्की सापडते, अष्टकोनीत आठही दिशांना खाच लागते. ‘पॅक-मॅन’सारख्या खेळाला चारच दिशा ठाऊक आहेत, आठ दिशांच्या दांड्यावर तो खेळला तर वळणावर बोट किंचित तिरके होते, दोन स्विच दाबले जातात आणि खेळ गोंधळतो. चौकट दरवेळी बदलण्याऐवजी प्रोग्रॅममध्ये चार दिशांची रीत ठेवता येते : दोन स्विच एकदम दाबलेले दिसले तर नंतर दाबलेला खरा मानायचा. ‘स्टार्ट’ दाबून ठेवून दांडा हलवला की रीत बदलावी, अशी सोय चार ओळींत होते.

गोंगाट

आता त्या खोट्या चाहुलीविषयी. शेतीच्या भागात विहिरीवरचा पंप चालू होताना स्टार्टरमध्ये ठिणगी पडते आणि विजेच्या तारांत झटका येतो. घरातल्या मिक्सरचेही तेच. बटणांच्या लांब तारा हा झटका पकडतात. आतला ५० हजार ओहमचा रोधक इतका अशक्त, की तेवढ्याने चिपचा पाय हलतो आणि पडद्यावरचा गडी कोणी काही न दाबता उडी मारतो. प्रत्येक तारेला बाहेरून २,२०० ओहमचा रोधक पाच व्होल्टला जोडावा. मग बटण दाबल्यावर सुमारे सव्वादोन मिलिअँपियर प्रवाह वाहतो आणि एवढ्या भरभक्कम होकारापुढे किरकोळ झटक्याचे काही चालत नाही. तारा आखूड ठेवाव्यात, प्रत्येक तारेला ग्राउंडच्या तारेचा पीळ द्यावा.

गोंगाट दुसऱ्या दिशेनेही जातो. चिपचा ठोका १६ मेगाहर्ट्झचा. चौकोनी ठोक्यातून त्याच्या पटीतल्या लहरीही निघतात : नवव्या पटीला १४४, पंधराव्या पटीला २४० मेगाहर्ट्झ. पाटीच्या तारा त्यांना एरियलसारख्या बाहेर सोडतात. जीएमआरटी ऐकते त्या पट्ट्यांपैकी एक १२० ते २५० मेगाहर्ट्झचा आहे. खोडदची जागा निवडताना इथे रेडिओ-गोंगाट कमी आहे हा एक मोठा विचार होता. आकाशातून येणाऱ्या लहरी मोजायला खगोलशास्त्रज्ञ जान्स्की हे एकक वापरतात. त्यात दशांश चिन्हापुढे पंचवीस शून्ये येतात आणि मग एक, तेवढे वॅट, दर चौरस मीटरला, दर हर्ट्झला. आपल्या बटणातून वाहणारे सव्वादोन मिलिअँपियर त्यापुढे महापूर ठरतात.

एका घरातल्या एका पेटीने दुर्बीण बहिरी होणार नाही, हे उघड आहे. पण मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, मोटारींचे कंट्रोलर असे हजारो ‘एकच’ मिळून गोंगाट होतो. पाटीच्या आत पत्र्याचे अस्तर लावून ते ग्राउंडला जोडणे, यूएसबीच्या तारेवर फेराइटचे मणी चढवणे, यांना खर्च फारसा येत नाही. शिवाय बाहेरचा गोंगाट आत येऊ न देणारे अस्तरच आतला बाहेर जाऊ देत नाही. शेजारी कोणी कान लावून बसले असेल तर आपण आवाज बेताने करावा, ही रीत आपल्याकडे नवी नाही.

हात कोणाचा

इलेक्ट्रॉनिक्स संपले की लाकूड उरते, आणि खरा निर्णय तिथेच असतो. भोके पाडण्याआधी पुठ्ठा घ्यावा. खेळणाऱ्याने डोळे मिटून हात त्यावर सैल ठेवावा, बोटांची टोके पडतील तिथे खुणा कराव्यात. त्या कधीच सरळ रेषेत येत नाहीत. मधले बोट पुढे, करंगळी मागे. ३० मिलिमीटरच्या बटणांना मध्यापासून मध्यापर्यंत ३५-३६ मिलिमीटर अंतर मोठ्या माणसाला ठीक, आठ वर्षांच्या मुलाला जास्त. पुठ्ठ्याची पाटी दोन-चार दिवस मुलांच्या हाती द्यावी आणि मगच प्लायवूडला ड्रिल लावावे.

उंचीचाही विचार हवा. मूळ आर्केड पेटी उभ्याने खेळायची. आपल्या घरांत मुले मांडी घालून बसतात. त्यांना चौरंगाच्या उंचीची पाटी लागते, पुढची कड गुडघ्यावर येईल इतकी खाली. दांडा डावीकडे आणि बटणे उजवीकडे हाही केवळ रिवाज आहे. दांडा मध्यभागी घेऊन दोन्ही बाजूंना बटणे दिली तर डावखुऱ्या मुलाला वेगळी पाटी लागत नाही.

आणि ज्याची बोटे वळत नाहीत, मूठ मिटत नाही, त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर आपण आधीच दिलेले आहे. बटण म्हणजे दोन तारा टेकणे, दुसरे काही नाही. त्या कशाने टेकतात याच्याशी चिपला कर्तव्य नसते. तळहाताने दाबायची मोठी थाळी चालेल, शिलाई मशीनच्या पायट्यासारखा पायाचा स्विच चालेल, डोक्याच्या कलण्याने दबणारी पट्टी चालेल. अपंग व्यक्तींसाठीचे असे स्विच जगभर ३.५ मिलिमीटरच्या पिनेने जोडायचा प्रघात आहे, आपल्या इअरफोनला असते तीच पिन. मायक्रोसॉफ्टने २०१८ साली अशा खेळाडूंसाठी काढलेल्या कंट्रोलरच्या पाठीवर अशा पिनांसाठी १९ खाचा आहेत. घरच्या पाटीत प्रत्येक बटणाच्या दोन तारांना समांतर अशी एकेक खाच मागच्या बाजूला लावायला एका संध्याकाळचे काम पडते. एकच पथ्य : त्या खाचेत स्वतःची वीज असलेले काही जोडायचे नाही, नुसता स्विच जोडायचा. पाटी तीच राहते, दिसायलाही बदलत नाही, पण खेळणाऱ्यांची यादी वाढते.

हे कारखान्याचे काम नाही, गावाचे आहे. कारखाना सरासरी हातासाठी बनवतो; शेजारच्या घरातला एक विशिष्ट हात त्याला दिसत नाही, आपल्याला दिसतो. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळला, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. काम करता करता शिकावे आणि जे शिकावे ते गावाच्या उपयोगी पडावे, हे त्याचे सूत्र. २००२ साली तिथे एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. ज्या संस्थेत दुखणाऱ्या कोपरांसाठी लाकडाच्या दोन पेट्या झाल्या, तिची वाट चाळीस वर्षांनी पाबळपर्यंत आली, हे मला अर्थपूर्ण वाटते.

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदची दुर्बीण लोकांसाठी खुली होते आणि शाळांची मुले आपापले प्रयोग मांडतात. अशा प्रदर्शनांत बऱ्याच टेबलांवर ‘हात लावू नये’ अशी पाटी असते. आर्केडची पेटी मांडणाऱ्या मुलांना ती लावता येणार नाही, कारण हात लावल्याशिवाय त्यांचा प्रयोग सुरूच होत नाही. त्यांनी दिवसभरात किती जण खेळले याची नोंद ठेवावी, गुण लिहून ठेवावेत. त्याच वहीत एक रकाना आणखी आखावा : कोण टेबलापर्यंत आले, पाटीकडे पाहिले आणि हात न लावताच परत गेले. पुढच्या पाटीचे माप त्या रकान्यातून घ्यावे.